भिंतीकडं तोंड

आमच्या दापोडीच्या चाळीत ज्योतीरामच्या योगिनीला 'कशावरून' म्हणायचे. सहा वर्षांची असताना मी तिला सांगितलं, बाळ, पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं. कमरेवर हात ठेवून विचारते कशी, "कशावरून?" आता काय सांगणार, कपाळ! म्हणलं, जा, पालीला विचार. तर ही खरंच वही घेऊन आठ दिवस ट्यूबलाइटखाली बसली. नवव्या दिवशी मला निकाल दिला: "आबाकाका, पाल बारा वेळा चुकचुकली. त्यातल्या चार वेळा घरात कुणी बोलतच नव्हतं."

तेव्हाच मी ज्योतीरामला म्हणलं होतं, भावा, ही पोरगी तुला सुखानं बसू देणार नाही.

ज्योतीराम माझा शेजारी आणि पत्र्याच्या प्रेसवरचा जोडीदार. धाराशिवकडून दोघं एकाच वर्षी आलो. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये चोवीस वर्षं एकाच मशीनवर आहोत. तो पत्रा घालतो, मी पार्ट काढतो. प्रेस खाली आली की जमीन हादरते. अशा सोळा प्रेस एका छताखाली. तिथं तोंडानं कुणी बोलत नाही, सगळा कारभार हातानं. मूठ दाखवली की थांब. दोन बोटं आडवी म्हणजे साच्याची डाय बदलायची. अंगठा कानाला लावला की सुपरवायझर आला, तंबाखू थुंक. समोरच्याच्या हातावरची नजर हलली तर स्वतःचा हात जातो, म्हणून नजर हलत नाही.

ज्योतीरामला ऐकू कमी येतं हे कंपनी सोडून सगळ्या दापोडीला माहीत. दुर्गा वहिनी त्याला जेवायला बोलवायच्या तेव्हा अर्धी चाळ ताट घ्यायला उठायची. मी तर त्याला तोंडावर बहिरोबा म्हणायचो. माझे कान खणखणीत. आता हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, मोबाइलमध्येही पूर्वीसारखा आवाज राहिला नाही, त्याला मी काय करू?

तर योगिनी. चिंचवडच्या कॉलेजात बीएस्सी, विषय भौतिकशास्त्र. पहिल्या वर्षी एका सरांकडे गेली, म्हणाली, मला संशोधनात घ्या. सर म्हणाले, आधी पास हो. पास झाली, परत गेली. तेव्हा म्हणाले, एमएस्सीला आलीस की बघू. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ही दुसऱ्या वर्षी स्वरूपा मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली. या मॅडम लहान कारखान्यांमधल्या आवाजाचा अभ्यास करत होत्या. त्यांनी हिच्या हातात आवाज मोजायचं यंत्र दिलं आणि सांगितलं, कॉलेजच्या कँटीनचा आवाज महिनाभर दर तासाला मोजून आण. हिच्याबरोबर आलेली दोन पोरं आठवड्यात पळाली. म्हणाली, वडापावच्या गोंगाटात कसलं आलंय संशोधन! योगिनी महिना पुरा करून गेली आणि म्हणाली, "मॅडम, माझे वडील प्रेसवर आहेत. आवाज मोजला, आता कान मोजूया का?"

इथून सगळं सुरू झालं. डिसेंबरात विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा मेळावा असतो. मॅडमकडून तिथं एकाच विद्यार्थ्याचं नाव जाणार होतं. योगिनीला ते नाव आपलं हवं होतं. झोपेत बडबडायची म्हणे, वहिनी सांगायच्या.

कान तपासायचं यंत्र मॅडमनी एका दवाखान्यातून उसनं आणलं. तिथल्या तौफिक नावाच्या माणसानं दोन रविवार हिला शिकवलं. समोरच्याला हेडफोन घालायचा, इथलं बटण दाबलं की त्याच्या कानात आवाज जातो, ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. आधी जाड आवाज, मग शिटीसारखे बारीक. आणि तौफिकनं बजावलं होतं, "खुर्ची फिरवायची. त्याला तुझा हात दिसता कामा नये." योगिनीनं ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

आमची सुट्टी गुरुवारी. प्रेस बंद, शॉप शांत. मालकानं ट्रेनिंग रूम दिली, अट एकच, कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. ज्योतीरामच्या शब्दाखातर माणसं सुट्टी मोडून आली, तीही इस्त्रीचे शर्ट घालून! पहिले आत गेले ते आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, हिला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलेले. 'काका, भिंतीकडं तोंड करा' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिची जीभच रेटेना. वडीलधाऱ्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं शिक्षा दिल्यागत बसवायचं कसं? तिनं मधे टेबल ठेवलं, खुर्ची समोर घेतली आणि म्हणाली, "बसा काका."

पहिल्याला समोर बसवलं म्हटल्यावर बाकीचेही समोरच. मी सतरावा. धडाधड बोटं वर केली. बाहेर येऊन मिशीवर ताव दिला, म्हणलं, आपण फर्स्ट क्लास!

चार गुरुवारांत चाळीस माणसं झाली. चौतीस जणांचे कान उत्तम. मॅडमनी आकडे बघितले आणि म्हणाल्या, "छान आलेत. जरा जास्तच छान आलेत गं." पण आठ दिवसांनी नावं पाठवायची होती, त्यामुळे त्यांनीही फार खोदलं नाही.

रविवारी मी चहाला ज्योतीरामकडे गेलो होतो. यंत्र दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. स्वतःच्या बापाला मोजणीत घ्यायचं नाही म्हणून योगिनीनं त्याला वगळलं होतं. पण त्यालाच हौस. "माझं पण बघ की!" म्हणून कॉटवर मांडी घालून बसला.

योगिनीनं बटण दाबलं. बोट वर. परत दाबलं. बोट वर. जाड, बारीक, उजवा, डावा, एकही सुटला नाही.

दुर्गा वहिनी लाटणं घेऊन बाहेर आल्या. "म्हणजे ऐकू येतंय व्हय सगळं? मग वीस वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते?"

मला हसू आवरेना. पण योगिनी हसत नव्हती. तिनं बापाकडं बघत बटणावर नुसतं बोट ठेवलं, दाबलं नाही. ज्योतीरामचं बोट वर. परत नुसतं ठेवलं. परत वर. मग ती उठली, बापाचे खांदे धरून त्याला भिंतीकडं फिरवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ज्योतीरामचं बोट गुडघ्यावरच राहिलं. ती आवाज वाढवत गेली. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "अगं बंद कर, मला इथं दारात ऐकू येतोय." मला काही आला नाही, पण मी पंख्याखाली बसलो होतो.

"मी फसवलं नाही गं बाळा," ज्योतीराम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "समोर हात हलला की माझं बोट उठतं. चोवीस वर्षं तेच तर करतोय."

योगिनीनं माझ्याकडं बघितलं. "आबाकाका, तुम्ही?"

"माझं नाव घेऊ नकोस," मी म्हणलं. "मी ऐकूनच केलंय."

ती चाळीस पानं उलटत बसली. मी म्हणलं, जाऊ दे, कुणाला कळतंय? पाठव. ज्योतीरामही म्हणाला, वर्ष वाया जाईल पोरी. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती ओरडायला लागली आमच्यावर. "कशावरून पाठवू? मला कुणी विचारलं, या माणसांना ऐकू येतं, कशावरून, तर काय सांगू? माझा हात बघून?" आणि प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून तिनं 'रद्द' लिहिलं. चाळीस वेळा. माझ्या पानावर पण. मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सांगितलं. मॅडमनी चाळीसही पानं उलटून बघितली. मग म्हणाल्या, "यंदा नाव देता येणार नाही. मीही येऊन बघायला हवं होतं. चूक कशी झाली ते नीट लिहून काढ, आणि यंत्र अजून महिनाभर ठेव." नाव दुसऱ्याच कुणाचं तरी गेलं. त्या दिवशी योगिनी जेवली नाही.

पुढच्या गुरुवारी ती परत चाकणला आली. खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि तिच्यामागं यंत्र घेऊन बसली. कोणी आत जाईना. बाहेर बारा-पंधरा जण जमलेले, पण सगळे गुश्श्यात. एक म्हणे, पास झालेल्याची परत परीक्षा कसली? दुसरा म्हणे, आम्ही काय गुन्हा केला, भिंतीकडं तोंड करायला? आणि खरं ते कुणीच बोलत नव्हतं. आकडे वाईट आले आणि मालकाला नंबरावरून नाव कळलं तर? दीड तास पोरगी एकटी बसून होती. ज्योतीराम दाराशी मान खाली घालून उभा. त्याला तसं बघवेना मला.

"सरका रे!" म्हणून मी आत गेलो. पोरीची दया आली होती हे खरं, पण जास्त करून मला माझा फर्स्ट क्लास परत हवा होता. म्हणलं, दाखवतोच सगळ्यांना.

"काका, भिंतीकडं तोंड करा," योगिनी म्हणाली. या वेळी आवाज अजिबात अडखळला नाही.

मी बसलो. समोर भिंतीवर सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर, हेल्मेट घातलेला माणूस हसतोय. हेडफोनमध्ये घुंऽ असं आलं, बोट वर केलं. परत आलं, वर केलं. अजून एकदा आलं. मग थांबलं. म्हणलं, कागदावर लिहीत असेल. वाट बघितली. पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. मागं प्लग निघाला की काय? पोस्टर परत वाचलं. बोट तयारीत ठेवून ठेवून अवघडलं.

शेवटी मी वळलो. "अगं, सुरू कर की!"

ती पेन्सिल धरून बसली होती. "झालं, काका. दोन्ही कान झाले."

"कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं वही फिरवून माझ्यापुढं केली. सतरा नंबर. सुरुवातीला तीन बरोबरच्या खुणा, आणि मग खालपर्यंत फुल्या. मी फुल्या मोजायला लागलो आणि अर्ध्यातच सोडलं. घरी बायकोला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात आलं. गेली कित्येक वर्षं मी तिला म्हणत आलो होतो, नीट बोलत जा.

हेडफोन काढून बाहेर आलो. सगळे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, ओठ हलताना दिसले. मी पंजा पुढं करून आत वळवला, प्रेसवर करतो तसा: पत्रा घाल. ही खूण चोवीस वर्षं मी एकट्या ज्योतीरामला करत आलो होतो. मोजणीत नसूनही तो आत गेला, भिंतीकडं तोंड करून बसला, आणि मग त्याच्यामागं एकेक करून बाकीचे रांगेत उभे राहिले.