हुकाची मान

चूक माझीच होती. कारखान्यात ताणाच्या स्प्रिंगा करताना महादूमामा म्हणाले होते, “साहेब, टोकाचा हूक असा काटकोनात वाकवू नका. गोल वळवा. मानेशीच तुटतो तो.”

“मामा, स्प्रिंगांचे वैद्य झालात की काय?” मी हसलो आणि हूक काटकोनातच वाकवला.

चाचणीत हूक तुटून उडाला आणि मामांचा उजवा डोळा गेला. तार खराब होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. तार मामांनीच निवडली होती.

काल दवाखान्याच्या दाराच्या स्प्रिंगला तसाच हूक दिसला. दार उघडलं की स्प्रिंग करकरायची. वेटोळी निवांत लांबायची, सगळा ताण त्या एका वळणावर यायचा. तिथे केसाएवढी काळी रेघ पडली होती. माणसं बेफिकीर ये-जा करत होती. तुटणारी वस्तू तुटण्याआधी किती दिवस मुकाट काम करत असते!

कंपाउंडरला सांगून ती स्प्रिंग उतरवली आणि तसाच मामांकडे गेलो.

“मामा, तार चांगली होती. हूक मी चुकीचा वाकवला. डोळ्याची माफी मागायला मला तोंड नाही. पण तुमच्या पारखीला बट्टा लावला, त्याची तरी माफी द्या.”