साडूंचा बर्फ

अख्ख्या बेंगळुरात बर्फात गाडी कशी हाकावी हे कळणारा माणूस एकच, आणि तो माझाच साडू निघावा, ही माझ्या नशिबाची खोडी. या गावात बर्फ दिसतो तो उसाच्या रसवाल्याकडे. पण अण्णांनी लष्करात ट्रक चालवताना तीन हिवाळे डोंगरात काढले आणि त्या तीन हिवाळ्यांवर पुढची चाळीस वर्षं काढली. मी चौथीत शाळा सोडून शिवाजीनगरच्या गॅरेजात पाने हाती धरले. अख्खी जीप डोळे मिटून खोलतो आणि परत जोडतो. पण लग्नकार्यात माणसं कोंडाळं करतात ते अण्णांभोवती. "अण्णा, ती ट्रक घसरल्याची सांगा की!" माझ्याकडे येतात ते स्कूटर का कुरकुरते, हे विचारायला.

अण्णांची जीप फोर-व्हील, म्हणजे चारही चाकं ओढणारी. राजाजीनगरातून भाजी आणायलासुद्धा ती बर्फाच्या कायद्यानेच निघते. पुढच्या गाडीपासून दहा गाड्यांचं अंतर! आमच्याकडे एवढं अंतर ठेवणं म्हणजे दहा रिक्षांना आमंत्रण. त्या घुसल्या की अण्णा मागे राहून पुन्हा पहिल्यापासून अंतर मोजतात. एकदा त्यांच्याबरोबर इंदिरानगरला बारशाला गेलो, पोचलो तेव्हा पोर रांगत होतं, असं मी सांगतो. बायको म्हणते, जेवणं आटोपली होती, एवढंच. वाटेत मागचा रिक्षावाला कन्नडात ओरडला, "अण्णा, स्वल्प बेग!" म्हणजे जरा लवकर. त्यावर अण्णांनी मान बाहेर काढून त्याला मराठीत समजावलं, "चार चाकं ओढतात रे बाबा, थांबायच्या वेळी त्यांचा काही जास्त उपयोग नाही!" अ‍ॅक्सिलरेटरखाली पिकलेला टोमॅटो आहे असं समजून पाय ठेवायचा, हा त्यांचा दुसरा कायदा. कुणी तरी खोदून विचारलं म्हणून एकदा खरंच ठेवला. टोमॅटो अख्खा घरी आला. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, त्याचं सार केलं आणि मलाही वाढलं. चांगलं झालं होतं, हे मला अजून खुपतं.

मग माझ्या धाकटीला हिमाचलात इंजिनियरची नोकरी लागली. साइटवर जायला ऑफिसची फोर-व्हील, आणि ती तिनेच चालवायची. पोरीला गाडी मी शिकवली, तिचा पहिला गिअर माझ्या हाताखाली पडला. पण बर्फाचं नाव निघालं आणि ती सरळ तिच्या दोड्डप्पांकडे गेली. आमच्यात मोठ्या मावशीच्या नवऱ्याला दोड्डप्पाच म्हणतात. चार रविवार आटलेल्या तळ्याच्या चिखलात धडे चालले. मी मागच्या सीटवर पेपर धरून. मला वाचायला वेळ लागतो, चार रविवारांना एक पान पुरलं. चढ लागायच्या आधीच फोर-व्हील टाक, उतारावर ब्रेक दाबू नको, गिअर खाली आण, हे सगळं मी गिळलं. पण शेवटच्या रविवारी अण्णा म्हणाले, "रात्री हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकांना दगड लावायचे."

हँडब्रेक! ज्या कामासाठी लोक होसूरहून माझ्याकडे येतात!

"दगडावर भरवसा असेल तर ब्रेक कशाला बसवतात?" मी म्हणालो. "घट्ट ओढ, पोरी."

"मेस्त्री, तिकडे तो गोठतो."

"चाळीस वर्षांत माझा एकही गोठला नाही!"

"अहो, बेंगळुरात काय गोठणार?"

पोरगी खाली मान घालून हसली.

हिवाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला. "अप्पा, मागची चाकं हलत नाहीत. रात्रभर बर्फ पडलाय. वर साइटवर बारा माणसं अडकलीत, त्यांचं खाणं माझ्या गाडीत आहे."

"हँडब्रेक ओढला होतास?"

"तुम्ही सांगितलंत ना." मग हळूच, "दोड्डप्पांना कळू देऊ नका. त्यांना वाटेल, चार रविवार फुकट गेले."

अण्णांचा शब्द बाजूला ठेवून कुणी माझा शब्द धरावा, याची मी चाळीस वर्षं वाट पाहिली. धरला तो माझ्या लेकीने, आणि तो धरून ती बर्फात उभी होती. गरम पाणी ओत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण चुकलं तर? मी बायकोच्या फोनवरून अण्णांना गाठलं. "अण्णा, चूक माझी. ब्रेक गोठलाय."

आता ऐकवतील म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, "दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरा." मग, "बाळ, गरम पाणी ओतू नको, परत गोठेल. मागच्या चाकांतल्या ब्रेकच्या ड्रमवर लाकडाने हलके ठोके दे. मग गाडी स्वल्प पुढे, स्वल्प मागे."

फोन धरून माझे हात भरून आले. ठोके ऐकू आले, इंजिन घुरघुरलं, आणि पोरगी ओरडली, "सुटली!"

"ब्रेकचं नीट सांगायचं माझ्याकडूनच राहिलं बघ," अण्णा म्हणाले. "वय झालं." ज्या माणसाने ते भाजीवालीलासुद्धा सांगितलंय, तो म्हणाला, राहिलं. एवढं मोठं खोटं मला बोलता आलं नसतं.

संध्याकाळी राजाजीनगरला गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण अक्कांनी कॉफी आणली आणि ते राहूनच गेलं.

"किती पडला म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

"गुडघाभर."

"गुडघाभर," ते म्हणाले, आणि समोरच्या उन्हाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. कॉफीवर साय धरली. मग आम्ही दोघे म्हातारे तिथेच बसून राहिलो, एकाचा बर्फ चाळीस वर्षांमागे राहिलेला, दुसऱ्याने तो फक्त रसवाल्याकडे पाहिलेला, त्या पोरीचा हेवा करत.