चिकटवलेला गुडघा

काल तुटकी चप्पल चिकटवायला ग्लूची ट्यूब उघडली आणि त्या झोंबऱ्या वासासरशी मुलाच्या खोलीतलं काचेचं कपाट आठवलं. नोकरीला बेंगळुरूला जाताना त्यानं आपल्या फिगर तिथंच ठेवल्या होत्या. वीतभर उंचीचे योद्धे, हातपाय सांध्यात वळणारे. बाहुले म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. पुढं पहिल्या पगारातून घेऊन त्यानं इथं आणून ठेवलेल्या योद्ध्याचा गुडघा सैल झाला होता. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, की तो कपाटात आडवा व्हायचा. त्या वर्षी दिवाळीला मुलगा यायच्या आधी दुरुस्त करावा म्हणून मी चष्मा लावून बसलो आणि सांध्यात ग्लूचे दोन थेंब सोडले. तो ताठ उभा राहिला, मला लई बरं वाटलं. मुलगा निपाणीला उतरून घरी आला, खांद्यावरची बॅगही न काढता त्यानं तोच उचलला आणि सवयीनं पाय वाकवला. कटकन पाय तुटून त्याच्या हातात आला. "आप्पा, ह्येला काय केलंसा?" "सारखा पडत हुता रं, म्हणून चिकटवला." तो तुकड्याकडं बघत राहिला. "नेलपॉलिश लावून वाळंपर्यंत सांधा हलवत ऱ्हायचं असतंय, म्हंजी घट्ट बसतोय आन् वळतोयबी. मला फोन करायचा हुता की." आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. परत जाताना त्यानं सगळ्या फिगर वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरल्या. म्हणाला, "तिकडं जागा हाय आता." तिथं ते चौघं जण एका खोलीत राहतात हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी खोकं बसमध्ये चढवू लागलो. अजूनही दिवाळीला तो येतो, पण स्वतःची एकही वस्तू इथं ठेवून जात नाही.