अकरा सीड्यांची कादंबरी

काचबिंदूनं आईची नजर गेली तेव्हा वडील नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. तिची आवडती जाडजूड कादंबरी त्यांनी तिच्यासमोर बसून वाचली, रेकॉर्ड केली आणि शिवाजी पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून तिच्या अकरा सीड्या करून घेतल्या. वाचता वाचता ते मधेच थांबून "ह्यो माणूस मूर्ख हाय बघ," म्हणायचे. आई तावातावानं वाद घालायची. तेही सगळं त्यात आलेलं. वडील गेल्यावर आई दुपारभर हेच ऐकत बसायची.

मला त्याचा वैताग यायचा. प्लेअर अडकला की ती हाक मारायची आणि मी हातातलं काम टाकून उठायचो. एकदाचं सगळं मोबाईलमध्ये भरून टाकतो म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे की. चाललंय ते काय वाईट हाय?" मी कुठला गप्प बसतोय! ती महिनाभर मावशीकडे गेल्याबरोबर मी कामाला लागलो.

प्रत्येक सीडीत बारा तुकडे होते आणि नावंही तीच, ट्रॅक एक ते ट्रॅक बारा. दर वेळी कॉम्प्युटर विचारायचा, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी धड न वाचता 'हो' दाबत गेलो. त्याच आठवड्यात नेसरीचा मामेभाऊ आला. त्याच्या शाळूच्या पिकावर पाखरं पडत होती. शेतात दोरीला सीड्या टांगल्या की त्या उन्हात चमकतात आणि पाखरं बिचकतात. मी अकराच्या अकरा त्याला देऊन टाकल्या, वर अडगळ गेली म्हणून खूशही झालो.

आई परत आली. मी मोठ्या तोऱ्यात फोन लावून दिला. मिनिटभर ऐकून ती म्हणाली, "हे शेवटचं हाय. पहिल्यापासनं लाव की." मी शोध शोध शोधलं. फोनमध्ये बाराच फाइली होत्या, सगळ्या अकराव्या सीडीतल्या. प्रत्येक नवी सीडी आधीचीला पुसत गेली होती.

दुसऱ्या दिवशी नेसरी गाठली. "लई उपयोग झाला बघ, एक पाखरू फिरकलं न्हाय," भाऊ कौतुकानं म्हणाला. वाऱ्यानं घासून, मातीनं माखून सीड्या इतक्या खरचटल्या होत्या की एकही चालली नाही. माझी मलाच किळस आली.

घरी येऊन मी आईला सांगितलं, सीड्या आधीपासूनच खराब झाल्या होत्या. तिनं एवढंच विचारलं,

"भरून झाल्यावर एकदा तरी लावून बघितलंस काय?"

"न्हाय."

"व्हय. ते वाचत हुते तवा बी तू कधी यिऊन बसला न्हाईस."

खरं होतं ते. त्यांचा आवाज सुरू झाला की मी माझ्या खोलीचं दार लावून घेत असे.