शेजारची शिट्टी

दुपारचे तीन वाजलेत. साडेचारच्या एसटीने मला मिरजेला डॉक्टरांकडे जायचंय. तीन वेळा ठरवून गेले नाही. आज चुकले तर पुन्हा जाईनसं वाटत नाही. जरा पाठ टेकते, डोळे जड होतात, आणि पायाशी द्वारकाआत्या बसलेली असते. तिला जाऊन नऊ वर्षं झालीत.

"बसलीयास व्हय अजून?"

निघताना कुणी शिंकलं की लोक घडीभर टेकतात, पाणी पितात आणि निघतात. माझं ते घडीभर संपतच नाही. शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा मलाच म्हणते, जाऊ नकोस. आठ महिने झाले, घराबाहेर पडलेले नाही. डॉक्टरांनी याला नाव दिलंय, स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार. आत्याला घरात एकच नाव होतं, चक्रम.

मी दार उघडते. पलीकडे पुन्हा माझीच खोली. तिचं दार उघडते तर एसटी स्टँड, आणि फलाटावर माझी कॉट. सगळे प्रवासी माझ्याबद्दलच कुजबुजतायत. कुठूनतरी शिट्टी होते. मी कॉटवर बसते.

आत्या शेजारी टेकते. मला राहवत नाही.

"आत्या, तू निघालीस की दारामागून शिंकायचो ते आम्ही पोरं होतो गं. तू परत आत जायचीस आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे."

"ठावं हुतं की."

"मग परत का फिरायचीस?"

"शिंक खोटी हाय हे कळायचं. पाय ऐकायचे न्हाईत." ती स्वतःच्या पायांकडे बघते. "बावीस वर्षं बसले, वैजू. कुणी हाताला धरून न्हेलं न्हाई."

मला रडू आवरत नाही. ती वाकते, माझ्या पायांत सँडल घालते आणि पट्टा आवळते, स्वतःचा आवळायची तसा, पार शेवटच्या भोकात.

"टोचतंय गं."

"टोचू दे. शिट्टी हुईल. ऐकत ऐकत जा."

जाग येते. घड्याळात चार वाजायला आलेत. मी माझ्याच कॉटवर आहे, पण पायांत सँडल आहेत. पट्टा शेवटच्या भोकात आहे. मी कायम दुसऱ्या भोकात लावते.

दाराशी जाते. कडीला हात लावते तोच शेजारी शिट्टी होते. मला भीती वाटते, नेहमीइतकीच. घोट्याला पट्टा टोचतोय.

मी कडी काढते.