बस्त्यावची बिनक्लचची गाडी

बस्त्याव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीला घरी दुपारचा जेवायला बसलो होतो. फोनवर त्याची सून होती. "बाबा सकाळी गेले. झोपेतच." एवढंच म्हणाली. तीनच आठवड्यांपूर्वी मी मरोळला त्याच्या पडवीत बसून चहा घेतला होता. निघताना कुबडीवर रेलून तो म्हणाला होता, "लेल्या, बसने आलास ना? ड्रायव्हर गियर टाकताना आधी कान दे, मग पाय घट्ट रोव. म्हणजे पडणार नाहीस." मी सत्तरीला आलो होतो, तरी मला प्रवास शिकवणं त्याने सोडलं नव्हतं.

आमची ओळख पन्नास-साठच्या मधल्या वर्षांतली. अंधेरीच्या पूर्वेला तेव्हा खडीच्या खाणी होत्या आणि त्यांतल्या एका खाणीच्या कचेरीत मी कारकून होतो. बस्त्याव तिथे लॉरी चालवायचा. मरोळ गावातला, शेतीवाडी असलेल्या जुन्या ख्रिस्ती घरातला, उंच आणि तोंडाने फटकळ. एका सकाळी दगड घरंगळला आणि त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला. बरा होऊन आला तेव्हा खाणीच्या मालकाने, शेटने, त्याला फाटकावर राखणीला बसवलं. शेटच्या मते तो उपकार होता. बस्त्याव मात्र आत-बाहेर करणाऱ्या लॉऱ्यांकडे पाठ करून बसायचा. उन्हाळाभर मी त्याला तसंच पाहिलं. मी "काय रे?" म्हटलं, की तो नुसती मान हलवायचा.

अशात शेटने मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाची अमेरिकन पिकअप घेतली. तिला क्लचच नव्हता. गियर आपोआप पडायचे, पण वेळेवर पडायचे नाहीत. पहिल्यातून दुसऱ्यात जायला ती इतका उशीर लावायची की इंजिन बोंबलायचं आणि मग असा हिसका बसायचा की मागची फावडी उडायची. अंधेरीच्या दोन मिस्त्रींनी हात टेकले. शेट म्हणाला, भंगारात काढा. त्या दिवशी बस्त्याव पहिल्यांदा फाटकावरून उठून कचेरीत आला. "लेल्या, या गाडीला डावा पाय लागतच नाही, कळतंय का तुला?" त्याचे डोळे... ते डोळे मी आयुष्यात विसरणार नाही.

गाडीत तिचं इंग्रजी पुस्तक होतं. शेटने दुरुस्तीला रविवारपर्यंत मुदत दिली. काम संपलं की आम्ही दोघं गाडीखाली. "तू वाच, मी पिळतो," तो म्हणायचा. ॲक्सिलरेटरकडून गियरच्या पेटीकडे एक सळई जात होती. तिच्या टोकाला आटे होते आणि गियर कधी पडायचा ते त्या सळईच्या लांबीवर ठरत होतं. अर्धा फेरा इकडे-तिकडे, एवढाच खेळ. मी वाचून सांगितलं, "लांब कर." त्याने केली.

रविवारी शेट स्वतः बस्त्यावशेजारी बसला. मी मागे फळीला धरून. पवईच्या वाटेवरच्या चढाला गाडी किंचाळली, किंचाळत राहिली आणि असा दणका बसला की शेटचं कपाळ काचेवर आपटलं. टोपी पायाशी पडली. शेट संतापला, "कुणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत बस्त्याव म्हणाला, "माझाच हात चुकला, शेट."

मी घरी येऊन आठवून आठवून पाहिलं. पुस्तकात 'आखूड' लिहिलं होतं. मी एक ओळ खालची वाचली होती. सकाळी फाटकावर जाऊन त्याला सांगितलं तर तो हसला. "ठाऊक आहे रे. इंग्रजी येत नाही, पण पुस्तकातलं चित्र दिसतं ना मला. घरी गेल्यावर ध्यानात आलं."

"पण शेटसमोर तर तुला ठाऊक नव्हतं? मग अंगावर का घेतलंस?"

"तुझं तोंड बघितलं ना, पांढरं पडलेलं. म्हटलं, मी तर फाटकावर बसलोच आहे, आणखी कुठे बसवणार मला? तुला खुर्चीवरून उठवला असता."

मी तडक शेटकडे गेलो. सगळं सांगितलं. शेटने कपाळावरचं टेंगूळ चोळलं. मग म्हणाला, "आणखी एक दिवस. मी नाही बसणार."

आम्ही सळई आखूड केली. या खेपेला शेजारी बसली बस्त्यावची बायको, फिलूबाय. मांडीवर अंधेरीच्या बाजारात न्यायची अंड्यांची टोपली. मी नको म्हटलं तर मलाच डाफरली, "फुटली तर माझी फुटतील, लेलेभाऊ. बसा मागे." आधी पवईच्या वाटेवरचा तोच चढ घेतला. इंजिनाचा आवाज वाढला, मध्येच श्वास टाकल्यासारखा खाली आला आणि गाडी पुढे निघाली. हिसका नाही, काही नाही. बाजारात पोचल्यावर फिलूबायने टोपली उघडून दाखवली, तेव्हा बस्त्याव स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. मोटार खात्याच्या साहेबाने दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा स्वतः शेजारी बसून चक्कर मारली आणि परवाना दिला, फक्त त्या एका गाडीपुरता. ती गाडी पार गंजेपर्यंत बस्त्यावनेच चालवली.

परवा महिना झाला म्हणून मरोळला गेलो. फिलूबाय पडवीत पाट टाकून बसली होती. पुढ्यात पॉलिशची डबी, फडकं आणि ओळीने मांडलेले सात-आठ बूट. सगळे डाव्या पायाचे. एकाच्याही तळव्याला माती नाही.

"अर्धा जोड कोण विकतो, लेलेभाऊ?" ती म्हणाली. "दर वेळी दोन्ही आणायचा. शनिवारी चर्चमधल्या मिस्साच्या तयारीला दोन्हींना पॉलिश करायचा. मी हसायची."

मी विचारलं, "आणि उजवा? शेवटचा?"

"तो त्याच्या पायात गेला," ती म्हणाली आणि फडकं माझ्या हातात देऊन पुढचा बूट माझ्याकडे सरकवला.