पाड, सोड, हात दाखव

रेडासर समोरून येताना दिसले की आधी मागचा पाय रोवायचा, खांदा पुढे करायचा आणि मगच नमस्कार म्हणायचं. कारण सर नमस्कार खांद्यानेच करत. धाडकन धडक बसायची. जी उभी राहील तिच्या पाठीत एक प्रेमाचा गुद्दा, आणि जी पडेल तिला, "सकाळी जेवली नाही काय वं?" अकोल्याहून अमरावतीच्या कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी अशी ढेकळांत बसले, आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी माझं नाव 'अकोला' झालं. ते सगळ्यांना गावाच्याच नावाने हाक मारत. एक चांदूर होती, एक दर्यापूर होती, आणि सगळ्यांत दणकट होती ती भातकुली.

रेडा हे नाव आम्हीच ठेवलेलं. जाडजूड मान, चेंगरून भज्यासारखा झालेला कान, पुढचे दोन दात गायब. त्यांना ते ठाऊक होतं आणि ते खूशही होते. "बैल जुवाखाली मान घालते, रेडा कोणालेच मान देत नाही," म्हणायचे.

आमच्या मैदानाला मैदान म्हणणं म्हणजे कौतुकच. काळी माती पावसाळ्यात बुटांना लगदा होऊन चिकटायची आणि उन्हाळ्यात भेगाळून दगड व्हायची. त्या दगडावर आम्ही एकमेकींना आपटायचो. बोट निखळलं की सर ते खटकन ओढून जागेवर बसवत आणि विचारत, "मोजून पाह्य, पाच हायेत न?" नाक फुटलं की खिशातून कापूस काढत. दवाखान्यातला नव्हे, शेतातला. सरकीसुद्धा तिथेच बोटांनी काढायचे. रक्त बघून एखादी रडायला लागली तर म्हणत, "रड, पण धावता धावता रड."

रग्बी हा खेळ तसा सोपा आहे. लांबुडका चेंडू काखेत मारून जी धावते तिला पाडायचं. पण पाडलं की त्याच क्षणी सोडायचं. धरून ठेवलं तर शिट्टी वाजते आणि चेंडू समोरच्या संघाला. म्हणून सरांचा मंत्र होता, "पाड, सोड, हात दाखव." दोन्ही हात वर करायचे, म्हणजे पंचाला दिसतं की हिने सोडलंय.

घोटाळा असा की सर मुळात कबड्डीचे. भातकुलीतल्या शाळेत ते आधी कबड्डी शिकवत, आणि कबड्डीत तर धरलेलं सोडणं म्हणजे पाप. समोरचीचा दम तुटेपर्यंत घोटा सोडायचा नाही. भातकुली शाळकरी पोर असताना तिने एकदा दुखलं म्हणून घोटा सोडला, तर सरांनी तिच्या अशी कानफटात लगावली की गाल दोन दिवस सुजला होता. "पुन्हा सोडशील तर याद राख!" तिने आयुष्यभर याद राखली. त्या पकडीच्या जोरावरच तर ती पुढे रग्बीत आली आणि भारताच्या संघात जाऊन बसली.

आशियातल्या मोठ्या स्पर्धेला संघ निघाला तेव्हा एक पत्रकार मैदानावर आला. भारताला पदकाची आशा किती, त्याने विचारलं. सर म्हणाले, "पदकाचं नावच नका काढू, बाप्पा. जपान, चीन आपल्याले चोपून काढतीन. बाकीच्यायले आपण चोपू. पाचवा नंबर लिहून घ्या." दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'वऱ्हाडची लेक आणणार पदक'. भातकुलीच्या चौकात तिचं फ्लेक्स लागलं, त्यात तिच्यापेक्षा पुढाऱ्यांचेच चेहरे जास्त.

सरांचं गणित मात्र बरोबर निघालं. जपान आणि चीनने आमच्या मुलींना अक्षरशः तुडवलं. भातकुलीचं नाक फुटलं, भुवईला टाके पडले. आणि मग आला पाचव्या क्रमांकाचा सामना. आम्ही सगळ्या मैदानातल्या टिनाच्या शेडखाली एका मोबाईलभोवती डोकी खुपसून बसलो होतो. अखेरचं मिनिट, भारत दोन गुणांनी पुढे. समोरची धिप्पाड पोरगी सुसाट निघाली आणि भातकुलीने तिला असं आपटलं की शेडखाली आम्ही किंचाळलो. सर मात्र उभे राहून मोबाईलवर ओरडत होते, "सोड! सोड वं, पोट्टे!"

तिने सोडलं नाही. दोन्ही हातांनी घोटा आवळून ती पडून राहिली, दम तुटायची वाट बघत. शिट्टी वाजली, त्यांनी चेंडू घेतला, धावल्या, जिंकल्या. आम्ही सहावे.

चौकातलं फ्लेक्स कोणीतरी शेण फासून फाडलं. एका चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "देशाचं नाक कापलं त्या पोट्टीनं." सर शेजारीच बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि त्या माणसाला बाकासकट रस्त्यावर आडवं केलं. ठाणेदारासमोर म्हणाले, "पाडलं अन् लगेच सोडलं, साहेब. नियमात होतं." आम्ही हसून हसून मेलो. सर हसले नाहीत.

भातकुली परत आली ती घराबाहेरच पडेना. वर्षभराने पुन्हा स्पर्धा होती, त्याआधी निवडीचं शिबिर, आणि हिने खेळ सोडल्याचं जाहीर केलेलं. सर मला मागे बसवून गाडीवरून तिच्या बापाच्या वांग्याच्या वाडीत गेले.

"भातकुली, चाल."

"मी नाही येत, सर. माहे हातच खराब हायेत."

"हात तुहे नाहीत. ते मी केलेले हायेत. ती थापड मी मारली होती. चाल, दुरुस्त करू."

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. चेंडू घेऊन सर स्वतः धावत आणि ती त्यांना पाडी. साठीला टेकलेला माणूस त्या दगडी मातीवर उताणा आपटे. तिचे हात पायाला विळखा घालूनच राहत. सर खालून ओरडत, "सोड! परत." ओठ फाटला, परत. कोपर सोललं, परत. नाकात कापूस कोंबून, परत. मी म्हटलं, सर, आम्ही धावतो ना. म्हणाले, "तुमाले ती मनापासून धरत नाही. मलेच धरते." मी वैतागून म्हणाले, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, सर. रक्ताळल्या तोंडाने हसले. "मंग मरून पाहू, त्यात काय!"

एका सकाळी तिने त्यांना पाडलं आणि त्याच क्षणी सोडलं. टुणकन उभी, दोन्ही हात वर. आम्ही आरडाओरडा केला. सर मातीतूनच म्हणाले, "परत." पुन्हा धावले, पुन्हा पडले, पुन्हा हात वर. "परत." मग एकदा ते पडले ते चेंडू छातीशी धरून तसेच राहिले. आम्हाला वाटलं दम घेतायत. भातकुली हात वर करून उभीच होती, कारण तिला कोणी परत म्हणालं नव्हतं.

ऑटोत त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. डोळे मिटलेलेच. "सोडलं होतं न वं?" त्यांनी विचारलं.

"हो सर. लगेच."

"मंग झालं."

दवाखान्यात पोचेपर्यंत सर गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनंच होतं, त्यांना माहीत होतं, धडकेचा काही संबंध नाही. भातकुलीने ते तीनदा विचारून घेतलं आणि तरी तिला ते पटलं नाही. मलाही कुठे पटलंय? मला त्या रेड्याचा राग येतो. इतका येतो की रडू येतं. तेरवी झाली आणि ती शिबिराला निघाली. बॅगेत तिने मूठभर कापूस घेतला होता.

यंदाचा सामना मी अकोल्याला, माझ्या घरी बघितला. पुन्हा पाचव्याच क्रमांकासाठी. शेवटच्या मिनिटाला आपण जेमतेम पुढे, पुन्हा एक आडदांड पोरगी सुटली आणि भातकुलीने तिला उखडून आपटलं. सोडलं. दोन्ही हात वर. चेंडू आपल्या मुलींनी उचलला, सामना संपल्याची शिट्टी झाली, आम्ही पाचवे. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भातकुली मात्र तशीच उभी, नाकातून रक्त वाहतंय, हात वर. निवेदक म्हणाला, पंचांना दाखवतेय. पंच कधीच निघून गेले होते.

मी घरात एकटीच होते. टीव्हीपुढे उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "परत."